बंद ताटीपुढे

(आषाढी एकादशीच्या सायंकाळी देवस्थानच्या सभामंडपात झालेले प्रवचन)



आषाढी एकादशीला या ठिकाणी नामाचा महिमा सांगावा, पंढरीचे वर्णन करावे, असा परिपाठ आहे. आज तो थोडा बाजूला ठेवून मी एका दाराविषयी बोलणार आहे. दार अगदी साधे होते, कुडाच्या झोपडीला असते तसे. जुन्या भाषेत त्याला ताटी म्हणतात. परंपरा सांगते की, ज्ञानेश्वर महाराज कोवळ्या वयाचे असताना कोणी त्यांचा अपमान केला. तो बोल वर्मी लागला. ते झोपडीत गेले, आतून ताटी लावून घेतली आणि कोणाशी बोलेनासे झाले. आईबापांचे छत्र आधीच हरपले होते. समाजाने तर वाळीतच टाकले होते. अशा वेळी त्या ताटीपुढे येऊन बसली ती धाकटी बहीण मुक्ताई. तिने त्या वेळी जी विनवणी केली, ती 'ताटीचे अभंग' या नावाने मराठी वाङ्मयात अमर झाली आहे.

हे अभंग आपण पुष्कळदा ऐकले आहेत. परंतु मुक्ताईने काय केले नाही, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ताटी ती केवढी! एका धक्क्याने मोडली असती. तिने ती मोडली नाही. 'बसू दे रुसून, भूक लागली की येईल बाहेर' असे म्हणून ती निघूनही गेली नाही. चार शेजारी गोळा करून तिने भावाचे हसे केले नाही. ती दाराबाहेर बसली आणि आत बसलेल्याशी बोलत राहिली. तिने उपदेश केला नाही असे नाही. परंतु तो बाहेर बसून, आर्जवाने, आणि तुम्ही कोण आहात, जगाला तुमची केवढी गरज आहे, याची आठवण देत देत केला. त्यात धिक्काराचा एक शब्दही नाही. ताटी उघडली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशास 'भावार्थदीपिका' पूर्ण झाली तेव्हा, परंपरेच्या गणनेप्रमाणे, ज्ञानेश्वरांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते आणि मुक्ताई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होती.

पंधरा वर्षे! आपल्या घरी या वयाचे मूल दहावीच्या वर्गात असते.

श्रोतेहो, आज आपल्या घरांतूनही अनेक ताट्या लागलेल्या आहेत. कोठे ती खोलीची कडी असते. कोठे कानाला लावलेले यंत्र असते. कोठे 'काय झाले?' या प्रश्नाला मिळणारे 'काही नाही' हे दोन शब्दांचे उत्तर असते. आणि कोठे ती वैशाखाच्या उकाड्यातही न काढलेली लांब बाही असते. कारण तिच्याखाली मुलाने स्वतःच्याच हाताने स्वतःला केलेल्या जखमांचे व्रण असतात. हे ऐकून कोणी दचकेल. देवळात हा विषय कशाला, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु जे घरात आहे ते देवापुढे बोलायचे नाही, तर कोठे बोलायचे?

बेंगळूरच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तेरा ते सतरा या वयातील मुलांत मनोविकारांचे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. म्हणजे शंभर मुले या मंडपात पालखीमागून चालत असतील, तर त्यांतील सात जणांच्या पायांत काटा रुतलेला आहे आणि आपल्याला केवळ त्यांची चाल दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्मघात केला. हा आकडा उच्चारताना माझी जीभ अडखळते. कारण या प्रत्येक अंकामागे देवघरात दिवा लावणारी एक आई होती.

आता मी माझ्याच एका चुकीची हकिकत सांगतो. संबंधितांची अनुमती घेतली आहे. ओळख पटेल असे सर्व गाळले आहे.

सुमारे आठ वर्षांपूर्वी एक माऊली आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी अभ्यासात हुशार, गळा गोड, भजनात पुढे असणारी. काही महिन्यांपासून तिचे जेवण तुटले होते, रात्रीची झोप गेली होती, पेटीवरचे कापड निघाले नव्हते. शब्दागणिक ती चिडे, म्हणून घरात तिला 'उर्मट' हे नाव पडले होते. आईने माझ्यासमोर तिची बाही वर सारली. मुलीने मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही. आणि मी काय केले? मी अर्धा तास बोललो! नरदेहाचे दुर्लभत्व सांगितले. आईबापांचे कष्ट सांगितले. आत्मघातासारखे पाप नाही, हेही सांगितले. मुलगी प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणत होती. ती उठून गेली तेव्हा उपदेश लागू पडला, असे समाधान मला वाटले. तीन आठवड्यांनी ती रुग्णालयात असल्याचे कळले. देवाची कृपा, ती वाचली.

त्यानंतर त्या घरात काम केले ते आजीने. आजीला अक्षरओळखही नव्हती. ती रोज रात्री नातीच्या खोलीत जाऊन बसे आणि कापसाच्या वाती वळत राही. प्रश्न नाही, उपदेश नाही, उसासा नाही. पाच-सहा रात्री अशाच गेल्या. एका रात्री मुलीने आपण होऊन कापूस हाती घेतला. वाती वळता वळता ती म्हणाली, "आजी, मला मरायचे नव्हते. आतले दुखणे थांबवायचे होते." आजी रडली नाही, दचकली नाही, 'असे अभद्र बोलू नये' असेही म्हणाली नाही. ती एवढेच म्हणाली, "किती दिवस एकटीने सोसलेस गं बाय!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मुलाला बजावले की, पोरीला मनाच्या डॉक्टरकडे नेल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. उपचार वर्षभर चालले. मध्ये एकदा पुन्हा पाऊल घसरले. पण या वेळी तिने स्वतः आजीला हाक मारली. आज ती मुलगी परिचारिका आहे. गेल्या जत्रेला भेटली तेव्हा हसत म्हणाली, "बुवा, त्या दिवशी तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत."

श्रोतेहो, आजवर माझ्या प्रवचनांची स्तुती पुष्कळांनी केली. त्यांवरचा खरा अभिप्राय हा एकच.

घरी येऊन मी गीता पुन्हा उघडली. पहिल्या अध्यायाचे नावच मुळी 'अर्जुनविषादयोग'. विषादाला त्या ग्रंथाने योगाच्या पंक्तीला बसवले आहे. महापराक्रमी वीराची गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंग कापते, धनुष्य हातून निसटते. अशा वेळी प्रत्यक्ष भगवंत काय करतात? संपूर्ण पहिल्या अध्यायात भगवंतांच्या तोंडी एकच छोटे वाक्य आहे: समोर जमलेले हे कौरव पाहा. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत ते अर्जुनाला दुबळेपणाबद्दल खडसावतात खरे. पण त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन 'मी लढणार नाही' असे म्हणून गप्प बसला. त्याने ताटी लावून घेतली! भगवंतांचा दटावणीचा शब्दही जेथे चालला नाही, तेथे आपला चालेल, हा केवढा अहंकार! पुढे जो उपदेश फळाला आला, तो अर्जुनाने आपला गोंधळ मोकळेपणाने सांगितल्यावर. आणि तोही अठराव्या अध्यायापर्यंत, त्याच्या एकेका शंकेला उत्तर देत देत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऐकत असताना भगवंतांनी हातातले लगाम सोडले नव्हते. रथ दोन सैन्यांच्या मध्ये उभा होता. आपणही तेच करावयाचे. मूल व्याकूळ असेल त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नये. घरातली औषधे, बागायतीसाठी आणलेली विषारी द्रव्ये आणि धारदार वस्तू कुलपात किंवा घराबाहेर ठेवाव्यात; आणि हे काम गाजावाजा न करता करावे. निराशेची लाट पुष्कळदा काही तासांत, कधी काही घटकांतही ओसरते. तेवढा वेळ घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो, असा जगभरच्या वैद्यांचा अनुभव आहे.

आता या दुखण्याविषयी दोन-चार शब्द. नैराश्य म्हणजे आळस नव्हे, नाटक नव्हे आणि श्रद्धेचा अभावही नव्हे. श्रद्धावंतांना दुःख होत नाही असे म्हणावे, तर समर्थांनी 'करुणाष्टके' कशाला रचली असती? दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा विठ्ठलाशी भांडले नसते. संतांनी आपले दुःख लपवले नाही. ते बोलून दाखवले. आपल्या गोव्यात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे चालू असताना देव मध्येच अडवत नाही, 'इतरांचे पाहा' असे सांगत नाही. मुलालाही गाऱ्हाणे घालण्यासाठी एक जागा हवी असते. ती जागा आपण झालो नाही, तर ते गाऱ्हाणे मूल स्वतःच्या अंगावर लिहिते.

मुलांमध्ये हे दुखणे नेहमी अश्रूंच्या रूपाने दिसत नाही. चिडखोरपणाच्या रूपाने दिसते. झोप फार कमी किंवा फार अधिक होणे, अन्नावरची वासना उडणे, आवडीच्या खेळातून किंवा वाद्यातून मन निघणे, मित्र सोडणे, अभ्यासात एकाएकी घसरण होणे, 'माझा तुम्हाला भार होतो' अशी भाषा तोंडी येणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, ही लक्षणे आहेत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर वैद्याला दाखवावे. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा हे लक्षण दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरण हवे असते असे नाही. असह्य झालेले मन क्षणभर हलके करण्याचा तो एक चुकीचा मार्ग असतो. परंतु म्हणून ते हलक्यावारी नेऊ नये. अशा मुलाला पुढे जिवाचा धोका अधिक असतो.

'मरणाचा विचार मनात येतो का?' असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. कोणीतरी विचारले, याचाच मुलाला आधार वाटतो. उत्तर ऐकून रडारड करू नये, शपथा घालू नयेत, 'आमचे नाक कापलेस' असे म्हणू नये. 'तू सांगितलेस, बरे झाले. आता आपण मिळून वाट काढू' एवढे वाक्य पुरे. आणि ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असे मुलाने विनवले तरी जिवाशी संबंध असलेले गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. मात्र ती वैद्याला सांगावी, वाड्यावर नव्हे!

आपल्या देवळांतून कौलप्रसादाची परंपरा आहे. मूर्तीला लावलेली पाकळी कोणत्या बाजूची पडली, यावरून आपण देवाची आज्ञा समजतो. संकटात सापडलेले घर देवाकडे धावते, त्यात वावगे काही नाही. परंतु मुलाला वैद्याकडे न्यावे की नाही, हा पाकळीला विचारण्याचा प्रश्नच नव्हे. साप चावलेल्या माणसाला दारात ठेवून कोणी कौल घेत बसत नाही. कोणाची नजर लागली, देवचार कोपला, कोणी काही केले, असे म्हणत घाड्याच्या दारी महिने घालवू नयेत. वैद्याच्या हाताला देवानेच गुण दिला आहे. समुपदेशनाने, आणि लागल्यास औषधाने, हे दुखणे बरे होते. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. थोडे बरे वाटले की ते मनाने बंद करू नये.

पोलिसांची भीती मनात असेल, तर तीही काढून टाकावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे मानले की, आत्मघाताचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली असतो. त्याला शिक्षा नव्हे, शुश्रूषा मिळावी, आणि ती देणे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंडविधानातील कलमच उरलेले नाही. कायद्याने जे क्षमेच्या दृष्टीने पाहिले, ते आईबापांनी अपराधाच्या दृष्टीने पाहावे काय?

आपल्या गोव्यात बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीसह अनेक भाषांतून प्रशिक्षित माणूस बोलतो. मूलही करू शकते, आईबापही करू शकतात. जीव धोक्यात असेल तर ११२. हे दोन आकडे देवघरातल्या पंचांगावर आजच लिहून ठेवावेत.

कोणी म्हणेल, आम्ही सामान्य माणसे. आमच्याने काय होणार? याचेही उत्तर आपल्याच भूमीत मिळाले आहे. 'संगत' ही संस्था १९९६ साली गोव्यात स्थापन झाली. तिने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले. आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतून त्यांनी तीव्र नैराश्याच्या प्रौढ रुग्णांशी सहा ते आठ भेटींत संवाद केला. त्यांना छोट्या छोट्या कामांतून पुन्हा जीवनाशी जोडले. नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळाली तेव्हा अधिक रुग्ण बरे झाले. हा अभ्यास 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या माणसांना शिक्षण होते, देखरेख होती, हे विसरू नये. वैद्याची जागा आपण घ्यायची नाही. परंतु जवळ बसणाऱ्या साध्या माणसाच्या अंगी केवढी शक्ती असते, हे त्यावरून कळते. आजीला ते शिकावे लागले नव्हते.

आजपासून चातुर्मास सुरू होतो. कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी एकभुक्त राहील, कोणी पोथी लावील. त्या सर्वांचे नेम सुखरूप पार पडोत. मी या वर्षी आणखी एक नेम सुचवतो. रोज सायंकाळी दिवेलागणीनंतर अर्धा घटका आपल्या मुलाजवळ बसावे. गुणांचा प्रश्न काढू नये. चुका काढू नयेत. ते बोलले तर ऐकावे; न बोलले तरी बसावे. वाती वळाव्यात, भाजी निवडावी, काहीही करावे. पण उठून जाऊ नये. पुढे चवथ येईल. सर्व बिऱ्हाडे मूळ घरी जमतील. माटोळीखाली बसून 'याला किती पडले, त्याला किती पडले' हा जो आपला आवडता विषय असतो, तो या वर्षी कोणी काढला तर वडीलधाऱ्यांनी तेथेच थांबवावा. एवढ्याने गणपती अधिक प्रसन्न होईल, याबद्दल मला संशय नाही.

आणि या मंडपात खांबाआड बसलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे शब्द आपल्याविषयी आहेत असे वाटत असेल, तर बाळा, तुझ्यासाठी दोनच वाक्ये. तू वाईट नाहीस. तू दुखावलेला आहेस, आणि दुखणे बरे होते. आज रात्रीच एका माणसाला सांग: आईला सांग, आजीला सांग, शिक्षकांना सांग, नाहीतर १४४१६ वर सांग, आणि पहिल्या माणसाला कळले नाही, तर दुसऱ्याला सांग. माझ्यासारखा एखादा बुवा अर्धा तास बोलत सुटला, तर त्याला थांबवून म्हण, 'आधी माझे ऐका.'

ताटी आतूनच उघडते, श्रोतेहो. बाहेरच्याने फक्त बाहेर बसून राहावयाचे असते. ते बळ श्रींनी आपणा सर्वांना द्यावे आणि आपल्या अंगणातील एकही दिवा अवेळी मालवू नये, हीच या एकादशीच्या दिवशी श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥